आधी सुई, मग कागद : शिवेवरच्या एका पारधी वस्तीचे प्रकरण

(गाव, तालुका आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

वस्ती दोन गावांच्या शिवेवर आहे. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला गायरान आणि मधून कॅनॉलची चारी. घरे वीसेक, त्यातली काही पत्र्याची, बाकी सगळी पालं. माणसे फासे पारधी. आज्या-पणज्यांचा धंदा तितर-लाव्हे धरण्याचा. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो धंदाच गुन्हा ठरला. आता पुरुष शेतराखण करतात, बायका शेळ्या राखतात किंवा गावोगाव मागायला जातात. दिवाळीनंतर काही घरे पाल गुंडाळून पुण्याच्या सिग्नलवर जातात, उरलेली जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला फुगे-खेळणी विकायला सोलापुरात येतात. गुढीपाडव्याच्या आसपास सगळे पुन्हा वस्तीवर.

सोलापूरकराला या समाजाचा इतिहास वेगळा सांगायला नको. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा, जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमाती, तारेच्या कुंपणाआडची वसाहत, रोजची हजेरी, तिथूनच गिरणीत कामाला नेणे. शहरात ‘सेटलमेंट’ हे नाव अजून वापरात आहे. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला. इथे तो आठवण्याचे कारण व्यवहाराचे आहे. वस्तीच्या अनुभवात वही घेऊन येणारा, नावे आणि वये लिहून नेणारा सरकारी माणूस म्हणजे पोलीस. आरोग्यसेविकाही वहीच घेऊन येते आणि पटनोंदणीला फिरणारे गुरुजीही.

शिवेवर असण्याचा आणखी एक त्रास होता. मतदार यादी एका गावात, रेशन त्याच गावात, पण जवळची जिल्हा परिषद शाळा दुसऱ्या गावात. पहिल्या गावच्या आशाताईंच्या यादीत वस्तीतली चार घरे होती, तीही पत्र्याची म्हणून. पालं कुणाच्याच यादीत नव्हती. दोन उपकेंद्रे, दोन आशा, दोन अंगणवाड्या, आणि दोन्हीकडे एकच उत्तर मिळायचे : “ते तिकडल्या गावात येतंय.”

अडचण कशी समोर आली

पुण्याहून माणसे परतल्यावर मार्चअखेर दोन पोरांच्या अंगावर पुरळ उठले. वस्तीने पालाच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला, पोराला अंधारात निजवले, कुणाला आत येऊ दिले नाही. देवी अंगावर आली की असेच करायचे असते. आठवड्याभरात पुरळ आलेली पोरे सात-आठ झाली. तीनेक वर्षांच्या एका मुलाला हगवण लागली, मग धाप. त्याला आधी तालुक्याला आणि तिथून सोलापूरला सिव्हिलला न्यावे लागले. गोवर आणि त्यावर न्यूमोनिया. पोर वाचले. दंडघेर मोजला तेव्हा 11.5 सेंटिमीटरच्या खाली होता, म्हणजे गोवर व्हायच्या आधीपासूनच ते अतितीव्र कुपोषित असणार.

त्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्राने घरोघर यादी केली. आमची लहानशी संस्था याच पट्ट्यात ऊसतोड मुलांच्या शिक्षणाचे काम करते, म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्यांनी आम्हाला बरोबर घेतले. पाच वर्षांखालची पंचवीसेक मुले निघाली. बहुतेकांना एकही लस मिळालेली नव्हती. मग सहज म्हणून मोठ्या भावंडांची नावे घेतली. शाळेच्या वयाची मुलेही साधारण तेवढीच, आणि शाळेत जाणारी दोन.

ती दोन मुले चार यादीतल्या घरांपैकी एका घरातली होती, आणि वस्तीत लसीकरण पूर्ण झालेली मुलेही त्याच घरात होती. त्या घरात वेगळे असे काही नव्हते. बाप एका बागायतदाराकडे कायमचा राखणदार होता, म्हणून बाई वर्षभर वस्तीवर असायची. आशाताई दुपारी आल्या तरी ती भेटायची. बाकीच्या बायका सकाळी सातला बाहेर पडायच्या आणि दिवस मावळताना परतायच्या. लसीकरणाचे सत्र अकरा वाजता, तेही गावात.

शाळेचे कारण वेगळे सांगितले जात होते. मुख्याध्यापक म्हणाले, “आधार आणू द्या, दाखल करतो.” हा हट्ट निव्वळ खोडसाळपणाचा नव्हता. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे, आधार जुळलेल्या पटावर ठरते. आधार नसलेली वीस मुले घेतली तर वर्ग भरतो, पण शिक्षक वाढत नाही. हे लक्षात न घेता मुख्याध्यापकांवर कायद्याचे कलम फेकले असते तर मुले दाखल झाली असती, पण टिकली नसती.

समोर असलेले पर्याय

वैद्यकीय अधिकारी, आसपासच्या शाळांचे केंद्रप्रमुख, दोन्ही गावांच्या अंगणवाडीसेविका, आरोग्यसेविका आणि आम्ही अशी बैठक आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात झाली. चार गोष्टी पुढे आल्या.

पहिली, सहा वर्षांवरची मुले निवासी आश्रमशाळेत घालावीत. हा सगळ्यात सरळ वाटणारा मार्ग. जेवण, अंथरूण, अभ्यास एका छताखाली. पण मागच्या दोन वर्षांत याच वस्तीतून गेलेली मुले दिवाळीच्या सुट्टीत आली ती परत गेलीच नव्हती. शिवाय मोठी मुलगी आश्रमशाळेत गेली की धाकट्याला सांभाळायला घरात कुणी उरत नाही. आणि ज्या वयात पोरे मरणाच्या दारात जात होती, त्या सहा वर्षांखालच्यांना आश्रमशाळेचा काहीच उपयोग नव्हता.

दुसरी, वस्तीवरच अंगणवाडी मागावी. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर 2006 च्या आदेशाने सहा वर्षांखालची किमान 40 मुले असलेल्या वस्तीला मागणीनुसार अंगणवाडीचा हक्क दिला आहे. इथे तो आकडा भरत नव्हता. प्रस्ताव पाठवून वाट बघण्यात वर्ष गेले असते.

तिसरी सूचना दाखले शिबिराची. जन्मदाखला, आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला सगळे एकाच मांडवात, मग शाळा आणि योजना आपोआप मागे येतील. या सूचनेला बैठकीत सर्वाधिक पाठिंबा होता, आणि का होता हेही सांगायला हवे. शिबिराचा फोटो निघतो, अर्ज मोजता येतात, अहवाल लिहिता येतो. पण मांडवात बसून पारध्याचा जातीचा दाखला निघत नाही. फासे पारधी अनुसूचित जमातीत, पाल पारधी आणि राज पारधी विमुक्त जातीत. अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 च्या आधीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, विमुक्त जातीसाठी 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा. भटकणाऱ्या माणसाने 1950 सालचा कागद कुठून आणायचा? एका घरात तर थोरल्याच्या जुन्या शाळा दाखल्यावर नुसते ‘पारधी’ आणि धाकट्याच्या दाखल्यावर ‘राज पारधी’ लिहिलेले होते. हा गुंता सुटेपर्यंत शाळा थांबवायची म्हटले तर पोरांच्या मिशा फुटल्या असत्या.

चौथी, क्रम उलटा करावा. आधी लस, अंगणवाडीतला आहार आणि शाळा. या तिन्हींना कायद्याने कुठलाच कागद लागत नाही. शिक्षणहक्क कायद्याचे कलम 14 स्पष्ट सांगते की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही, आणि कलम 4 वयाला साजेशा वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यायला सांगते. लसीला तर बाळ पुरे. आणि ही कामे झाली की त्यातूनच कागद तयार होतो. लसीकरणाचे कार्ड, अंगणवाडीची नोंद, शाळेच्या जनरल रजिस्टरमधली ओळ.

बैठकीत चौथ्या मार्गाला हो म्हणायला वैद्यकीय अधिकाऱ्यांना फार वेळ लागला नाही, कारण त्यांच्यापुढे गोवर होता. केंद्रप्रमुख कचरत होते. त्यांचे म्हणणे, “उद्या तपासणीत विचारलं, ही पोरं कोण, तर मी काय दाखवू?” शेवटी त्यांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून कलम 14 चा उल्लेख असलेले लेखी पत्र मागून घेतले आणि ते मुख्याध्यापकांच्या फाइलला लावले. एक पानाचे पत्र, पण त्याने मुख्याध्यापकांची निम्मी भीती गेली.

कागद मागे ठेवण्याला एक अपवाद ठरला, जन्मनोंदीचा. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. महिन्याच्या आत थोडे विलंब शुल्क, वर्षाच्या आत लेखी परवानगी आणि स्वयंसाक्षांकित कागदपत्र, आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा आदेश. त्यात 2023 च्या दुरुस्तीने 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा धरला जाऊ लागला. म्हणजे मोठ्या भावाचे जनरल रजिस्टरवर भागेल, पण पाळण्यातल्या बहिणीचे भागणार नाही. म्हणून वर्षाच्या आतली पाचसहा बाळे तेवढी लगेच ग्रामसेवकांकडे न्यायची, बाकी कागद नंतर.

सकाळी सातचे सत्र

सत्र वस्तीवर, बायका बाहेर पडायच्या आधी, म्हणजे सकाळी सातच्या आत घ्यायचे ठरले. सांगायला एक वाक्य, पण आरोग्य यंत्रणेत त्याला बऱ्याच गाठी होत्या.

लस उपकेंद्रावर पोचवणारी गाडी नऊला येते. सातला सत्र हवे तर लस पहाटे आरोग्य केंद्राच्या शीतपेटीतून काढावी लागते, म्हणजे ती उघडणाऱ्या माणसाला पावणेसहाला यावे लागते. बर्फाच्या चार पिशव्या बाहेर काढून पाझरू द्याव्या लागतात, नाहीतर काही लसी गोठून बाद होतात. गोवर-रुबेलाची कुपी एकदा विरघळवली की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. आरोग्यसेविका सिस्टरांची खरी धास्ती ही होती. कुपी फोडली आणि दोनच पोरे आली तर वाया गेलेल्या मात्रांचा हिशेब त्यांनी द्यायचा. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सत्राच्या नोंदवहीत आधीच सही करून ठेवली की या सत्रातल्या वायाची जबाबदारी त्यांची. पुरुष आरोग्यसेवकाने लसीचा डबा मोटारसायकलवर आणायचे कबूल केले.

वस्तीकडून हो म्हणणे एका म्हातारीच्या हाती होते. तिचा आक्षेप देवीचा नव्हता. ती सिस्टरांना म्हणाली, “सुई टोचून तुम्ही जाताव. पोराला रातभर ताप. आई दोन दिस मागायला जात न्हाई. त्या दोन दिसाचं कोण देतंय?” हे तिने जुन्या अनुभवावरून सांगितले होते. मागे कुणीतरी टोचून गेले होते, तापाचे औषध न देता आणि पुन्हा न फिरकता. सिस्टरांनी तिथेच तापाचे पातळ औषध काढून किती द्यायचे ते चमच्याने दाखवले, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आशाताई येऊन जातील असे सांगितले. आशाताई आल्या. पुढच्या सत्रांना गर्दी झाली ती त्या संध्याकाळमुळे, असे माझे मत आहे. कुठल्याही माहितीपत्रकाने ते झाले नसते.

नावे लिहिण्याचा प्रश्न मात्र उरलाच होता. म्हातारी म्हणाली, टोचा, पण नावं लिहू नका. सिस्टरांनी पहिल्या दिवशी फक्त आईचे हाकेचे नाव आणि पोराचे अंदाजे महिने लिहिले, आणि कार्ड लिहून आईच्याच हातात दिले. म्हणजे वहीतली नोंद पहिल्यांदाच वस्तीजवळ राहिली. पूर्ण नावे तिसऱ्या सत्रापर्यंत आपोआप आली.

गोवर झालेल्या मुलांना ‘अ’ जीवनसत्त्वाच्या लागोपाठ दोन दिवसांच्या मात्रा दिल्या गेल्या. दंडघेर कमी असलेल्यांपैकी दोघांना पोषण पुनर्वसन केंद्रात नेले. एकाची आई तिसऱ्या दिवशी पोर घेऊन परत आली, कारण घरी शेळी व्यायली होती.

शाळेचा निर्णय

एप्रिलमध्येच मुले शाळेत घालावीत असा आमच्यातल्या काहींचा आग्रह होता. गावातल्या पालकांनी तो मोडून काढला : “त्यांची पोरं आली तर आमच्या पोरांना गोवर.” पुरळ उठल्यावर चार दिवसांनी संसर्ग थांबतो, हे डॉक्टरांनी समजावले. पटले नाही. ताणून धरले असते तर पहिल्याच दिवशी गाव विरुद्ध वस्ती झाले असते. प्रवेश जूनवर ढकलला. मधल्या काळात सगळ्यांचे लसीकरण सुरू झाले होते, आणि शाळेत याच डॉक्टरांनी गावच्या मुलांचीही तपासणी केली. जूनमध्ये कुणी तो विषय काढला नाही.

दहावे वर्ष चालू असलेली एक मुलगी होती. कायद्याने तिचा वर्ग चौथी. तिला अक्षर येत नव्हते आणि मराठीही अडखळत यायची, कारण घरात पारधी बोली. चौथीत बसवले तर पोरे हसणार, पहिलीत बसवले तर सहा वर्षांच्या पोरांत ती ताडमाड. मुख्याध्यापकांनी काढलेली तोड बरी होती. पटावर चौथी, पण पहिले दोन तास सगळी नवी मुले व्हरांड्यात एकत्र, आणि त्यांच्याबरोबर वस्तीतलीच दहावीपर्यंत शिकलेली एक सून. ती आधी बोलीत सांगायची, मग मराठीत. दुपारनंतर मुलगी चौथीच्या वर्गात चित्रकला, खेळ, गणित यांना बसायची. हिशेब तिला वर्गातल्या बहुतेकांपेक्षा पटकन यायचा. शेळीबाजार बघितलेली पोर ती.

तीच सून सकाळी मुलांना हायवे ओलांडून शाळेत न्यायची. शाळा वस्तीपासून दोन किलोमीटर. प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी हा नियम, त्यामुळे ने-आणीची सोय करणे हे सरकारचे काम ठरते. तिचे मानधन सुरुवातीला आमच्या संस्थेने दिले. पुढे शिक्षण विभागाकडून मिळावे म्हणून केलेला अर्ज अजून फिरतोय.

शाळेचा सगळ्यात उपयोगी निर्णय कुणी ठरवून घेतलाच नाही. मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊनच यायच्या. पहिल्या आठवड्यात गुरुजींनी त्यांना परत पाठवले, तर मुलीही गेल्या. मग अंगणवाडीताईंनी, जी अंगणवाडी शाळेच्याच आवारात आहे, ती पोरे आत घेतली. ती त्यांच्या गावच्या यादीत नव्हती, तरी घेतली आणि नंतर पर्यवेक्षिकेकडून नावे चढवून घेतली. त्यामुळे तीन ते सहा वर्षांची मुले रोज आहाराला आणि वजनकाट्याला येऊ लागली. वस्तीवर फिरून जे जमले नसते ते थोरल्या बहिणींच्या कडेवरून झाले.

ऑगस्टमधली रात्र

पावसाळ्यात शेजारच्या गावात विहिरीवरच्या दोन मोटारी चोरीला गेल्या. रात्री पोलिसांच्या गाड्या वस्तीवर आल्या. पुरुष उसात पळाले. दोन तरुणांना नेले, पालं उचकटली, आणि एका बाळंतिणीलाही चौकशीला चल म्हणून गाडीपर्यंत नेऊन सोडले. दुसऱ्या दिवशी शाळेत वस्तीचे एकही पोर नव्हते. त्या आठवड्याचे सत्र ओस पडले, कुपी फोडलीच नाही. चार कुटुंबे वस्ती सोडून गेली ती महिन्याने आली.

इथे आमच्यात मतभेद झाला. एक बाजू म्हणाली, पोलिसांच्या वाटेला आपण जायचे नाही, आपले काम शाळा आणि लस. दुसरी बाजू म्हणाली, हीच शाळा आणि हीच लस. मी दुसऱ्या बाजूला होतो. पट शून्यावर येतो त्या दिवशी शिक्षणाची अडचण पोलीस ठाण्यात असते. त्यावर आम्ही वैद्यकीय अधिकारी आणि सरपंच यांना बरोबर घेऊन ठाण्यात गेलो. तक्रार केली नाही. तीन गोष्टी लेखी मागितल्या. सूर्यास्त ते सूर्योदय स्त्रियांना अटक करण्यावर कायद्यानेच मर्यादा आहे, ती पाळावी. वस्तीवर यायचे तर पोलीस पाटलांना बरोबर घ्यावे. आणि शाळेच्या वेळेत मुलांकडे आई-बापांची चौकशी करू नये. साहेबांनी पत्र ठेवून घेतले, चहा पाजला, लेखी काही दिले नाही.

तरी पोलीस पाटील त्यानंतर दोनदा बरोबर आले, आणि त्या दोन्ही वेळी मुले शाळेतून गळाली नाहीत. पुढे अधिकारी बदलले आणि पुन्हा शून्यातून सुरुवात झाली. मोटारींची चोरी कुणी केली ते कळले नाही. नेलेले दोघे सुटले, पण त्यातल्या एकाची राखणदारी गेली, आणि तो बायकोपोरांसह पुण्याला गेला.

कागद कसे आले

दिवाळीपर्यंत बहुतेक मुलांची नावे जनरल रजिस्टरला होती. मुख्याध्यापकांच्या सहीने आधारचे काम बरेचसे मार्गी लागले. बाळांचे जन्मदाखले आले, एक सोडून. ते बाळ पुण्यात पुलाखाली जन्मले होते. जन्म जिथे झाला तिथेच नोंद करावी लागते, आणि आईला पुलाचे नाव सांगता येईना.

जातीच्या दाखल्यांचे काम तहसीलला दिले. तिथे एका घराचे काम अनपेक्षित वाटेने झाले. पणजोबाचे नाव गुन्हेगार जमातीच्या जुन्या सरकारी नोंदीत सापडले, 1950 च्या आधीचे, जमातीच्या उल्लेखासह. ज्या वहीत त्याला कोंडले होते त्याच वहीने पणतूला दाखला दिला. बाकीच्या घरांची प्रकरणे प्रलंबित आहेत. दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही, पण शाळा थांबलेली नाही.

निष्पत्ती

वर्षाच्या शेवटी पाच वर्षांखालच्या बहुतेक मुलांना गोवर-रुबेलाची पहिली मात्रा मिळाली होती. दुसऱ्या मात्रेला गळती झाली, विशेषतः पुण्याला गेलेल्या कुटुंबांत. वस्तीत नवा गोवर निघाला नाही. शाळेत जूनला आलेल्यांपैकी निम्म्याहून थोडी जास्त मुले मार्चमध्ये होती. स्थलांतराला गेलेल्यांना शिक्षण हमी पत्रक दिले होते. ते पत्रक दाखवून पुण्यात शाळेत बसलेले फक्त एक कुटुंब. उरलेल्यांची मुले सिग्नलवरच होती, पण पाडव्यानंतर परत आली तेव्हा नव्याने प्रवेश घ्यावा लागला नाही, नाव पटावर होते.

चौथीतली ती मुलगी पाचवीत गेली. तेराव्या वर्षाची दुसरी एक मुलगी मात्र दिवाळीनंतर आली नाही. लग्न ठरल्याचे कळले. म्हातारीशी बोललो, अंगणवाडीताई बोलल्या, 18 वर्षांच्या आतले लग्न गुन्हा आहे हेही सांगून झाले. लग्न पुढे ढकलले, पण शाळा सुटली.

गायरानावरच्या अतिक्रमणाची नोटीस वर्षभरात एकदा येऊन गेली. त्या प्रश्नाला आम्ही हात घातला नाही.

पुन्हा करायचे झाले तर

पोलीस ठाण्याची भेट घटनेच्या आधी, सत्र सुरू होतानाच घ्यावी. आणि साहेबांपेक्षा पोलीस पाटलांशी. अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलतो, पाटील तिथलाच असतो.

दोन गावांपैकी वस्ती नेमकी कुणाची, हा वाद सोडवण्यात आम्ही फार वेळ घालवला नाही, हे बरे झाले. दोन्ही आशांनी घरे वाटून घेतली. चारीच्या अलीकडची एकीकडे, पलीकडची दुसरीकडे. सरकारी हद्द आजही तशीच वादात आहे. दुसरीकडे कुणी हे करायला घेतले तर हद्द ठरण्याची वाट बघू नये, पण वाटणी मात्र लेखी ठेवावी. आमच्याकडे एक आशाताई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या तेव्हा पलीकडची घरे दोन महिने पुन्हा कुणाचीच नव्हती.

क्रम उलटा करण्याची पद्धत सगळीकडे चालेल असे नाही. इथे वैद्यकीय अधिकारी सही करायला तयार होते आणि शाळा-अंगणवाडी एका आवारात होती. मुख्याध्यापक एकटे, अंगणवाडी लांब, आणि वर लेखी पत्र नाही, अशा ठिकाणी कागदाआधी शाळा म्हणणे म्हणजे एका माणसाला तोंडघशी पाडणे. तिथे पत्रापासूनच सुरुवात करावी लागेल.

दुसऱ्या मात्रेची गळती हा यंदाचा प्रश्न आहे. लसीची नोंद आता यू-विनवर, म्हणजे सरकारच्या लसीकरणाच्या ऑनलाइन नोंदवहीत होते, त्यामुळे कार्ड हरवले तरी पुण्यातल्या केंद्रावर पुढची मात्रा देता यायला हवी. अडते ते मोबाइल नंबरावर. सिग्नलवर फोन चोरीला जातो, सिम बदलते, आणि नोंद जुन्या नंबरापाशी राहते. म्हणून यंदा आशाताईंनी दिवाळीआधीच्या सत्रात नोंदीला पोराच्या बापाचा नंबर न घालता वस्तीवर मागे राहणाऱ्या मावशीचा, नाहीतर त्या राखणदाराच्या बाईचा घातला आहे. मात्रेची तारीख आली की निरोप तिला जातो, आणि ती पुण्याला कळवते. पुण्यातल्या कुठल्या केंद्रावर जायचे याची चिठ्ठी कार्डाला टाचली आहे. किती पोरे गेली ते पाडव्याला माणसे परतल्यावर कार्डे तपासून समजेल.